आत्याचं नाव कुठं बसवायचं

रविवार, मार्चचा दुसरा आठवडा, सकाळ. ठिकाण: डोंगरकड्याला दादाचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. हजर: दादा, वहिनी, चुलते आबा आणि मी. पुतण्या अक्षय पुण्याहून फोनवर, अधूनमधून. विषय एकच: अक्षयच्या लग्नपत्रिकेचा मजकूर पक्का करणे.

कुठल्याही कामाची सुरुवात मी अशीच लिहून करते. कोण होतं, कुठं बसलो होतो, काय ठरलं. महिनाभरानं गिऱ्हाईक म्हणतं, असं आमचं बोलणंच झालं नव्हतं, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. मी हिंगोलीत डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, हळदीची पाकिटं, दुकानांच्या पाट्या, निवडणूक लागली की उमेदवारांची पत्रकं. पंचवीसेक वर्षं झाली. घरच्या कामासाठी अशी नोंद कधी केली नव्हती. या वेळी केली, आणि सगळी नावं लिहून झाल्यावर एका जागी गाडी अडली ती अजून निघालेली नाही. या पत्रिकेत माझं नाव कुठं टाकायचं, आणि टाकायचं की नाही, हे ठरलेलं नाही.

आमच्याकडे हे दिवस पिवळे असतात. जानेवारी सरता सरता हळद काढायला घेतात, आणि मार्चपर्यंत कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात रानोरान कुकर पेटलेले असतात. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढत आणलेली लोखंडी पिंपं, खाली जाळ, नळीतून वाफ. शिजत्या हळदीचा वास ओला आणि गोडसर असतो, मातीतून वर आल्यासारखा. तो ओढणीत बसला की धुण्यानं जात नाही. मोकळ्या जागेवर हळकुंडं पसरलेली असतात आणि त्यांच्यावरून वारा आला की जिभेवर कडवट पूड बसते. माल मोंढ्यावर, म्हणजे हळदीच्या बाजारात, जायचे आणि लग्नं काढायचे दिवस एकच, त्यामुळे माझ्या धंद्याचा मोसमही हाच. दुसऱ्यांना हा वास आला की घरचं कार्य आठवत असेल. माझे खांदे दुखायला लागतात.

त्या सकाळी कुकर आखाड्याच्या मागंच लागला होता. नावं सांगायचं काम दादाचं, लिहायचं माझं. आबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते आणि प्रत्येक नावाला मान हलवत होते.

"लिही," दादा म्हणाला. "निमंत्रकात आधी आबा."

"आबा अन् काकू," वहिनी आतून म्हणाली.

"काकू हाईच की संगं. येगळी जाती का काय ती?"

"मामाकडल्यांना खाली ढकलू नका," आबा म्हणाले. "मागच्या टायमाला वसमतवाल्यांनी लई तकलीफ दिली. तोंड पाडून बसले व्हते."

"तोंड पाडून बसले तरी जेवले बराबर. दोनदा जेवले," दादा म्हणाला.

सौ. अमुक, श्री. तमुक. सौ. अमुक, श्री. तमुक. माझा हात आपोआप चालत होता. गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या जोड्या अशाच एकाखाली एक मांडत आले आहे.

*

पहिला मोसम मी उस्मानभाईंच्या छापखान्यात काढला. नांदेडला चित्रकलेचा कोर्स झाला होता, वडिलांना वाटत होतं मी शाळेत मास्तरीण व्हावं, आणि जागा कुठं निघत नव्हत्या. छापखाना हिंगोलीच्या बाजारातल्या एका बोळात होता. उस्मानभाईंचे वडीलही छपाईच करायचे. कोपऱ्यात पायानं चालवायचं जुनं यंत्र, मध्ये नवीन मशीन, रॉकेल आणि शाईचा वास, आणि एका टेबलावर भरतकामाच्या कापडानं झाकलेला संगणक. तो संगणक घेतला तेव्हा उस्मानभाईंना वाटलं होतं, हे फॅड दोन वर्षांत जाईल. पण गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघायला यायची म्हणून ठेवला आणि त्याच्यासाठी मला.

उस्मानभाई जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांची आवड मला अजिबात पटायची नाही. कोरी जागा दिसली की त्यांना तिथं कलश बसवावासा वाटे. गणपतीच्या दोन्ही बाजूंना दोन केळीचे खांब, त्यांना दोन तोरणं, तोरणांना चार घंटा. मी एकदा म्हणाले, "उस्मानभाई, याच्यात नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात." ते म्हणाले, "बेटी, जिस को शादी में आना है वो ढूंढ लेगा."

पण एक रीत त्यांनी मला लावली. गिऱ्हाईक पाठीशी बसलं पाहिजे. माझ्या खुर्चीमागं एक लांब बाकडं होतं आणि त्यावर अख्खं घर बसायचं. वडील, चुलते, एखादा शिकलेला भाचा, कडेवर लेकरू घेतलेली मावशी. माझ्या मानेवर तंबाखूचा, कांद्याचा, खोबरेल तेलाचा श्वास. मी एक अक्षर हलवलं की मागून आवाज. "थोडं मोठं करा." "आमच्या साडूच्या पत्रिकेत व्हतं तसं गुलाब टाका." "आण्णाचं नाव आडवं काहून झालं?" तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा. मला वाटायचं, माझं काम म्हणजे एकटीनं शांत बसून सुंदर काहीतरी करणं, आणि ही माणसं मध्ये कडमडतात.

त्या मोसमात साखऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरून एक मोठं कुटुंब आलं. राठोड. मुलाच्या वडिलांनी नावं सांगायला सुरुवात केली ती स्वतःपासून नाही. आधी तांड्याचे नायक, मग कारभारी, मग इतर जाणती माणसं, आणि आईबाप बरेच खाली. मी कोर्सात शिकले होते की महत्त्वाचं वर आणि मोठं. म्हणून मी आईवडिलांना वर घेतलं. त्या गृहस्थांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि उस्मानभाईंकडे बघितलं. उस्मानभाई मला म्हणाले, "कागज पे भी वैसेच बैठते, जैसे तांडे में बैठते. तू कौन उठाने वाली?" मी नावं पुन्हा खाली घेतली. पत्रिका म्हणजे कोण कुठं बसतं त्याची सतरंजी असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यावर बसायला जागा नसेल तर माणूस उभाच राहतो.

याच मोसमात माझ्या आवडीची पहिली पत्रिका छापली गेली. कनेरगाव नाक्यावर धाबा चालवणाऱ्या बबनरावांच्या मुलीची. बबनराव हौशी, म्हणाले, "शहरावाणी करा काहीतरी." मी केलं. पांढरीशुभ्र, कलश नाही, घंटा नाही, आणि वरून चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेला. बोट ठेवलं तर घसरावं इतकी गुळगुळीत. उस्मानभाईंनीही हात फिरवून "वा" म्हटलं.

दोन दिवसांनी बबनराव जीप भरून परत आले. सगळ्या पत्रिका, बायको, दोन बहिणी, मेहुणा, आणि वाटीत कालवलेली हळद. आपल्याकडे पत्रिका वाटायच्या आधी चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. ती काही केल्या लागत नव्हती. लावली की थेंब होऊन ओघळायची आणि नवरीच्या नावावर पिवळा ओहोळ यायचा.

"पोरी," बबनराव म्हणाले, "हे कार्ड हाय का ताट? हळद घरंगळून राहिली."

"ताट बरं," त्यांची बहीण म्हणाली. "त्याला निदान काठ असतो."

हळदीच्या मुलखात राहून, घरी हळद पिकत असून, माझ्या ध्यानात हे आलं नव्हतं. उस्मानभाईंच्याही नाही. ते काही वेळ पत्रिका उजेडात धरून बसले. मग समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून काचपेपर मागवला आणि त्याचे तुकडे करून सगळ्यांच्या हातात दिले. छापखान्यात सतरंजी टाकली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे, बबनराव, बायका, मेहुणा, उस्मानभाई, मशीनवाले, मी, पत्रिकांचे कोपरे घासत बसलो होतो. बबनरावांनी धाब्यावरून भजी मागवली. मेहुणा घासता घासता कोपरा पार फाडायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून पत्रिका खाली सरकवायचा. त्याची बायको म्हणाली, "ह्यांच्या वाटच्या पत्रिका ह्यांच्याच गावाला द्या." उस्मानभाईंची बेगम चहाची किटली घेऊन आली आणि तीही बसली. घासलेल्या कोपऱ्यावर हळद लागली तेव्हा बायकांनी एकमेकींच्या गालांना उरलेली लावली. मलाही. मी तशीच पिवळी होऊन खोलीवर गेले.

कागद निवडायच्या आधी मी आजही त्यावर ओलं बोट फिरवून बघते. पण त्या संध्याकाळची आठवण मला कागदामुळे येत नाही. त्या सतरंजीवर मला कुणी विचारलं नव्हतं की तू इथं कोण.

उस्मानभाईंच्या मुलीचं, नसरीनचं लग्नही त्याच उन्हाळ्यात होतं. त्यांच्या घरातल्या थोरल्यांच्या मते पत्रिकेत मुलीचं नाव छापायची रीत नव्हती, वडिलांचं नाव आलं की झालं. उस्मानभाईंनी मला नसरीनचं नाव टाकायला लावलं, वरच्याच ओळीत. त्यांचे मोठे भाऊ बाकड्यावरून म्हणाले, "नाम की क्या जरूरत?" उस्मानभाई चष्मा पुसत होते. म्हणाले, "तो रखा कायको था भाईजान?" मोठे भाऊ हसले, मग उठून गेले. नाव राहिलं.

*

पुढं मी पुण्याला गेले. एका जाहिरातीच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काढली. तिथं मला खरं डिझाइन शिकायला मिळालं, हे मान्य करायला हवं. तिथले साहेब सांगायचे, जे महत्त्वाचं ते एकटं ठेवा. आजूबाजूचं सगळं दूर करा. मोकळ्या जागेत एकटी गोष्ट असली की डोळा आधी तिच्याकडेच जातो. मी ते पाठ केलं आणि हातात मुरवलं. काचेच्या भिंतींच्या आत प्रत्येकाचं टेबल वेगळं होतं आणि पाठीमागं कुणीही बसत नव्हतं. जे हिंगोलीत मला हवं होतं ते सगळं तिथं होतं. दुपारी डबा उघडायचा तो पडद्याकडे तोंड करून. खोलीवर आलं की दिवसभरात आपण नेमकं कुणाशी बोललो ते आठवावं लागायचं. एकदा एका जाहिरातीसाठी हळदीचं चित्र हवं होतं. फोटोतल्या हळदीचा रंग चुकलाय म्हणून मी भांडले. कच्च्या हळदीचा वेगळा, शिजल्यावर वेगळा, पॉलिश केल्यावर वेगळा. एक मुलगी कौतुकानं म्हणाली, "तुला किती माहिती आहे गं," आणि फोटो तोच गेला.

वडिलांचं दुखणं निघालं म्हणून परत आले. परतले आणि पुन्हा गेले नाही. लग्न राहून गेलं याचं मोठं कारण विचारलं तर मला सांगता येत नाही. आधी कोर्स, मग पुणं, मग वडील, मग दुकान. एक स्थळ बरं होतं. त्यांना नोकरी करणारी मुलगी चालत होती, दुकान चालवणारी नको होती. मी दुकान निवडलं असं लोक म्हणतात. खरं तर त्या आठवड्यात दोन पत्रिका द्यायच्या होत्या आणि मला निरोप पाठवायला उशीर झाला, एवढंच.

दुकान उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाला मी पुण्याची मोकळी जागा दाखवली. त्यांनी पत्रिका हातभर लांब धरली. "म्याडम, एवढी जागा मोकळी काहून सोडली? दोन मामे अजून बसतील हितं." मी दोन मामे बसवले. तेव्हापासून अर्धी पुण्याची आणि अर्धी उस्मानभाईंची अशी काहीतरी माझी पद्धत झाली आणि ती इकडे चालली. आज मोंढ्यात गेलं तर हळदीच्या निम्म्या पाकिटांवर माझी अक्षरं आहेत. बसस्टँडसमोरच्या पाट्या माझ्या. कुणाच्या घरी गेलं तर टीव्हीच्या कपाटाच्या काचेत खोचलेली पत्रिका माझी. मी अख्ख्या गावभर आहे आणि चहाच्या टपरीवर एकटी उभी असते. डिझाइन करणाऱ्याची खूण कामावर दिसू नये, दिसली तर काम बिघडलं, हे पुण्यातही शिकवलं होतं. ते बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षं तेच पाळत राहिलं की माणसाला दिसायची सवय जाते.

माझ्याही खुर्चीमागं बाकडं आहे. उस्मानभाई गेल्यावर छापखाना मोडला तेव्हा तेच मी आणलं. पण हल्ली त्यावर कागदाचे गठ्ठे असतात. गिऱ्हाईक मजकूर मोबाइलवर पाठवतं. मी नमुना पाठवते. तिकडून अंगठा येतो. एखाद्या वेळी "थोडं मोठं करा" येतं, तेही लिहून. मी वेळेत काम देते, चुका जवळजवळ होत नाहीत, सगळं हिशेबात आहे. पाठ मात्र थंड पडते. कधी कधी मी एखादं अक्षर हलवते आणि उगीच थांबते, मागून कुणी काही म्हणेल म्हणून.

अक्षय होता तोवर एवढं जाणवलं नाही. आठवीला दादानं त्याला शिकायला माझ्याकडे ठेवलं. बारावीपर्यंत तो याच बाकड्यावर अभ्यास करायचा आणि मधेच माझ्या पडद्याकडे बघून शेरे मारायचा. "आत्या, ह्या नवरदेवाचं तोंड बटाट्यावाणी दिसून राहिलं." त्याला परीक्षेच्या दिवसांत दही-पोहेच लागायचे. मोसमाच्या आणि परीक्षेच्या तारखा एकच असायच्या आणि मी एका डोळ्यानं पत्रिका, एका डोळ्यानं दूध बघायची. आता तो पुण्यात आहे, त्याच काचेच्या भिंतींच्या कुठल्यातरी ऑफिसात, आणि एप्रिलमध्ये त्याचं लग्न आहे.

*

तर त्या रविवारी जोड्या लिहून संपल्या. दोन रकाने, डावीकडे सौभाग्यवती, उजवीकडे श्रीयुत, शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर भरलेले. आत्यांमध्ये आमच्या चुलत बहिणी, दोघीही नवऱ्यांसकट. मी पेन ठेवलं.

"ताईचं राहिलं," वहिनी म्हणाली. ती आतून शेंगदाण्याचं ताट घेऊन आली होती.

"तिचं काय, ती घरचीच हाय," दादा म्हणाला.

"घरची हाय म्हणूनच इचारून राहिले. आत्याच्या रांगेत टाकायचं तं समोर कोणाचं टाकायचं?"

बाहेर कुकरची वाफ सोडली तेव्हा कुणालाच काही ऐकू आलं नाही. ती बंद झाल्यावर आबा म्हणाले, "कु. लावून टाका की. लगीन न्हाई झालं तं कुमारीच म्हणायचं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. "आबा, कु. तं लेकरांना लावतात. खाली असतं ना, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. त्याच्यात बसवता का ताईला? चिंगी अन् बंटीच्या मधी?"

"बसवा. तिथं गर्दीत कोणाला दिसतंय."

सगळे हसले. मीही हसले, आणि ते हसू खोटं नव्हतं. मधोमध बसलेली मी माझ्या डोळ्यांसमोर आली होती, दोन वेण्या घालून.

मग दादा जरा गंभीर होऊन म्हणाला, "अन् तसं तुजं नाव खाली असतंच की मंदा. डिझाइन म्हणून."

"ते दुकानाचं नाव असतं, दादा."

"मंग तेच की. दुकान काय येगळं हाय व्हय तुज्याहून?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं शेंगदाण्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. अक्षयला फोन लावला तर त्याला ही सगळी चर्चाच अनावश्यक वाटली. "आत्या, एवढी नावं वाचतं कोण? मोबाइलवर पाठवायला आमच्या दोघांचीच नावं घालून एक मस्त साधी कर. आणि कागदाची पप्पांना पाहिजे तशी." मी विचारलं, "आणि माझं?" तो म्हणाला, "तुझं काय सांगावं लागतं का? ते तर असणारच." मागं कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

माझ्या नोंदीत शेवटी लिहिलं आहे: आत्याचं नाव, नंतर बघू.

हिंगोलीला परत आल्यावर मी कामाला लागले. पहिला नमुना माझ्या नावाशिवाय केला. फार सुरेख बसला. दोन्ही रकाने सरळ, खाली सारखी जागा, कुठं टोचत नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर तोच पाठवला असता. दुसऱ्यात मी स्वतःला लेकरांच्या ओळीत घालून बघितलं आणि लगेच काढलं, पंचेचाळिशीच्या बाईनं शाळेच्या गणवेशात उभं राहावं तसं दिसत होतं. तिसऱ्यात आत्यांच्या खाली, मधोमध, एकटं: मंदाकिनी, आणि आडनाव. कु. नाही, काही नाही.

आणि तिथं पुण्याचे साहेब आठवले. त्या एवढ्या गर्दीत डोळा थेट माझ्या नावावरच जात होता. नवरा-नवरीच्या आधी. अक्षर बारीक केलं तरी जात होता. रंग फिका केला तर जास्तच जात होता. गावात पत्रिका हातात पडल्यावर लोक आधी तेच वाचणार आणि वाचून झाल्यावर समोरची कोरी जागाही वाचणार. मी त्या जागेत एक छोटी वेलबुट्टी टाकून बघितली. माझ्या नावाच्या जोडीला एक फूल. मलाच हसू आलं आणि मी ते पुसलं.

आज सकाळी दादाचा फोन आला. मागं कुकर चालू होता. "मंदा, नांदेडचा छापखाना संध्याकाळपर्यंत थांबतो म्हनला. झालं का तुजं?"

"एक नाव राहिलंय."

"कोणाचं?"

मी पडद्यावर तिसरा नमुना पुन्हा उघडला.

"हां," तो म्हणाला. "तू असं कर, तुला बराबर वाटन तसं टाक. तू त्यातली जाणती. आमी काय सांगावं तुला?"

मी "बरं" म्हणाले.

त्याला वाटलं त्यानं मला मान दिला, आणि त्याच्या परीनं दिलाही. पण या धंद्याचा एक दंडक आहे आणि तो मी आजवर कधी मोडलेला नाही. नाव घरच्या माणसानं तोंडानं सांगायचं, मग आपण लिहायचं. आपल्या मनानं एकही वाढवायचं नाही, एकही गाळायचं नाही. कोण कुणाचं आहे, हे टेबलावर बसलेल्या बाईनं ठरवायचं नसतं. फाइल माझ्या हातात आहे. चार अक्षरं आणि एक आडनाव टाकायला मला क्षणही लागणार नाही. पण ते मी टाकलेलं नाव होईल. अक्षयला वाटतं ते असणारच, दादाला वाटतं ते आहेच, आणि वहिनीनं निदान विचारलं. सांगितलं कुणीच नाही.

तेव्हा आता करायचं ते असं ठरवलं आहे. दादाला परत फोन लावायचा. छपाईच्या आधी एकदा सगळी नावं ताडून घ्यायची आहेत, तू पहिल्यापासून सांग, मी लिहून घेते, म्हणायचं. आबांपासून सुरू करू दे त्याला. काका, मामा, वसमतवाले, सगळे ओळीनं येऊ देत. आत्यांपर्यंत आला, दोन्ही जोड्या सांगून झाल्या, की मी मध्ये बोलायचं नाही. तो पुढं जातो का थांबतो, ते ऐकायचं.

बाकीचं सगळं तयार आहे. कागद निवडून झाला, मुहूर्ताची वेळ दोनदा तपासली, कार्यालयाचा पत्ता बरोबर आहे. फोन तेवढा लावायचा राहिला आहे.